खान्देशातला ऑनलाइन दवाखाना: आकडा मागण्याआधी एवढे करा

प्रति,
खान्देशात ऑनलाइन आरोग्यसेवेचे नियोजन करणारे व आढावा घेणारे सर्व अधिकारी,
जळगाव, धुळे, नंदुरबार

स.न.वि.वि.

"कर्मचाऱ्यांची मानसिकताच नाही" हे वाक्य ई-संजीवनीच्या, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ल्याच्या सेवेच्या, आढाव्यात आता ठरल्यासारखे येते. सीएचओंना (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) संगणकाचा कंटाळा, सिस्टरांना नवे काही नको, डॉक्टरांना कॅमेऱ्यासमोर बसणे कमीपणाचे वाटते, असे निदान होते आणि बैठक पुढच्या विषयाकडे सरकते. आम्ही उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि हब (डॉक्टर जिथे बसून ऑनलाइन सल्ला देतात ते केंद्र) अशा तिन्ही ठिकाणी काम करणारी माणसे मिळून हे पत्र लिहीत आहोत. निदान चुकले की उपचार चुकतो, आणि इथे निदानच चुकले आहे असे आमचे मत आहे.

हेच कर्मचारी दिवसभर फोनवर असतात. सरकारी नोंदींची पोर्टले किती तरी: एनसीडी पोर्टल, निक्षय, आयएचआयपीचा एस फॉर्म, आरसीएच, यू-विन, आभा, ई-औषधी. एवढे सगळे रोज भरणाऱ्या माणसाला तंत्रज्ञानाची भीती आहे, हे म्हणणे जरा गमतीचेच. कर्मचारी मनात एकच हिशेब करतो: कॉल लावला तर रुग्णाचे काम इथेच संपणार का? संपत असेल तर तो न सांगता कॉल लावतो. कॉलनंतरही रुग्णाला तालुक्याचीच गाडी धरायची असेल, तर पंधरा-वीस मिनिटे त्याला बसवून ठेवायचे कशाला, असे त्याला वाटते. तसे वाटण्यात काही चूक नाही.

ई-संजीवनीची उपकेंद्रातून डॉक्टरकडे जोडणारी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, आणि रुग्णाने घरून थेट वापरायची ओपीडी एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या डिजिटल आरोग्य मार्गदर्शिकेत दूरवैद्यकाची शिफारस केली, पण ते प्रत्यक्ष सेवेला पूरक असावे, तिच्या जागी येऊ नये, ही अट घालून. आपल्याकडे ती अट मागे पडली. जिथे वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिकामे, तिथे "ऑनलाइन आहे ना" हे उत्तर मिळू लागले. डॉक्टर न देण्याचे निमित्त म्हणून आलेली सोय कर्मचाऱ्याला आपली वाटत नाही, आणि गावालाही नाही.

सगळ्यात मोठा अडथळा औषधाचा आहे. नेटवर्क त्याच्या नंतर येते. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके २०२२ नुसार उपकेंद्र पातळीच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात १०५ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात १७२ औषधे असावीत. ही यादी आणि कपाटातली शिल्लक यांत फरक असतो. सीएचओला तो तोंडपाठ असतो; हबवरच्या डॉक्टरला त्याची कल्पना नसते. समजा, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या उपकेंद्रातून रक्तदाबाच्या जुन्या रुग्णाचा कॉल लागला. हबवरून टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ यांची एकत्र गोळी लिहून आली. कपाटात दोन्ही औषधे आहेत, पण सुटी सुटी. सीएचओने दोन गोळ्या दिल्या तर लिहिल्याप्रमाणे दिले नाही असा आक्षेप येतो. नाही दिल्या तर रुग्ण चोपड्याला मेडिकलवर जातो. गाडीभाडे जाते, कापूस वेचणीची मजुरी बुडते, वर गोळ्यांचे पैसे. पुढच्या महिन्यात तो उपकेंद्राकडे फिरकत नाही आणि पोर्टलवर मात्र "सल्ला पूर्ण" अशी नोंद झालेली असते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. हबच्या डॉक्टरला त्या त्या उपकेंद्राची शिल्लक दिसली पाहिजे. शिवाय हबसाठी दोन नियम ठरवावेत: औषध मूळ नावाने (कंपनीच्या नव्हे, घटकाच्या) लिहायचे, आणि संयुक्त गोळीऐवजी सुटे घटक लिहायचे. एवढ्याने वरचा पेच सुटतो.

आता कॉलच्या तयारीबद्दल. घाईचा, अपुरा कॉल हबच्या डॉक्टरचा विश्वास घालवतो. तो विश्वास गेला की डॉक्टर "प्रत्यक्ष पाठवा" एवढेच सांगू लागतो आणि कर्मचारी कॉल लावणे सोडतो. म्हणून बटण दाबण्याआधी काय झाले पाहिजे, हे सविस्तर लिहितो.

रक्तदाब घेण्याआधी रुग्ण पाच मिनिटे शांत बसलेला हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला आधारावर, बाही वर केलेली. अर्ध्या तासात विडी ओढली असेल, तंबाखू मळला असेल किंवा चहा झाला असेल तर थांबावे. दोन मापने, मध्ये एक-दोन मिनिटे. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. मोठा पट्टा प्रत्येक उपकेंद्रात एक तरी हवा, तो बहुतेक ठिकाणी नाही.

साखर मोजताना खान्देशातली एक खास गफलत होते. केळीच्या बागेतून, गुऱ्हाळातून किंवा नुकतेच काही खाऊन आलेल्या माणसाच्या बोटावर साखरेचा अंश असतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून तो पुरता जात नाही आणि ग्लुकोमीटर भलताच आकडा दाखवतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच सुई टोचावी. शेवटचे जेवण किती वाजता झाले, तेही लिहावे. नाहीतर २१० हा आकडा उपाशीपोटीचा की भाकरी खाल्ल्यानंतरचा, हे डॉक्टरला कळायला मार्ग नाही. स्ट्रिपच्या डबीवर साधारण ३० अंशांची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या, झाकण सैल राहिलेल्या स्ट्रिपवर डोस ठरवणे धोक्याचे आहे. डबी माठाजवळच्या थंड कोपऱ्यात, पण ओल लागणार नाही अशी ठेवावी.

ऑक्सिजन मोजताना नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरे बोट घ्यावे, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबावे. वजन त्याच दिवशीचे हवे, विशेषतः मुलांचे. चालू गोळ्यांची पाकिटे टेबलावर मांडावीत. पाळी कधी आली होती, कशाची ॲलर्जी आहे का, हे आधीच विचारून ठेवावे.

मग कॉल लागल्यावर अर्ध्या मिनिटात सांगायचे ते असे: "पुरुष, ५२, शेतमजूर. सहा वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, गेले दहा दिवस बंद, कारण गोळ्या संपल्या. आज उपाशीपोटी २१२. रक्तदाब १५६/९४ आणि १५२/९२. वजन ५८. उजव्या तळव्याला जखम, एक रुपयाच्या नाण्याएवढी, वास नाही, ताप नाही. प्रश्न: गोळी पूर्वीच्याच मात्रेने सुरू करू का, आणि जखमेसाठी पाठवू का?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. प्रश्नाशिवाय लागलेला कॉल भरकटतो.

जखमेचा किंवा अंगावरच्या चट्ट्याचा फोटो दोन अंतरांवरून काढावा. एक मीटरभरावरून, जागा कळावी म्हणून. दुसरा वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड समोरून, आणि फोनमधले चेहरा उजळवणारे फिल्टर बंद. त्यात लाल चट्टा गुलाबी होतो आणि पिवळे डोळे पांढरे दिसतात. फोटो पोर्टलवरच चढवावा. आज तो बऱ्याचदा कर्मचाऱ्याच्या खासगी फोनमधून व्हॉट्सॲपवर फिरतो, तिथे त्याचा दर्जा उतरतो आणि तो कोणाकोणाच्या फोनमध्ये राहतो याला धरबंध नसतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. उद्या तक्रार झाली तर ती त्या सिस्टरच्या नावावर पडेल, ही धास्ती खरी आहे. एका ओळीच्या लेखी सूचनेने ती दूर होईल.

कायद्याची गोष्ट निघालीच आहे, तर डॉक्टरांच्या नाखुशीचे मूळही इथेच आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत औषधांचे गट पाडले आहेत. ओ गटातली, म्हणजे पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. ए गटातली, उदाहरणार्थ नायट्याचे मलम, पहिल्याच सल्ल्यात द्यायची तर तो सल्ला व्हिडिओवर झालेला हवा. रक्तदाब-मधुमेहाच्या चालू गोळ्या पुन्हा देणेही याच गटात येते. बी गट म्हणजे आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला त्याच आजारासाठी फेरतपासणीत दिलेले जोड औषध. शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणातली औषधे) आणि अमली पदार्थ कायद्याखालची औषधे ऑनलाइन लिहिण्यास या मूळ तत्त्वांत मनाई आहे. आता हे डोळ्यांपुढे ठेवून पाहा: न पाहिलेल्या रुग्णाचा पहिला कॉल, त्यात व्हिडिओ गोठलेला, आणि समोरून "सर, काहीतरी लिहून द्या." डॉक्टर हात आखडता घेतो, तो नियमाला धरूनच. योग्य वाटले नाही तर ऑनलाइन सल्ला थांबवून प्रत्यक्ष बोलावण्याचा अधिकार त्याला याच तत्त्वांनी दिला आहे.

म्हणून आमची सूचना अशी, की ऑनलाइन सेवा मुख्यतः फेरतपासणीसाठी आखावी. नवा रक्तदाब, नवा मधुमेह, नवी दम्याची तक्रार असलेला रुग्ण महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याने उपकेंद्रात येऊन प्रत्यक्ष पाहावा. पुढचे महिने कॉलवर. डॉक्टरने एकदा हात लावून तपासलेला रुग्ण स्क्रीनवर आला की संभाषण तीन मिनिटांत होते. अनोळखी रुग्णाला दहा मिनिटेही पुरत नाहीत.

जबाबदारीची विभागणीही कर्मचाऱ्यांना कोणी नीट सांगितलेली नाही. सल्ल्याची आणि औषधाची जबाबदारी डॉक्टरची; प्रिस्क्रिप्शनवर त्याचे नाव व नोंदणी क्रमांक हवाच. मापन खरे, ओळख खरी आणि सांगितलेली माहिती पूर्ण, ही जबाबदारी आरोग्य कर्मचाऱ्याची. रुग्णाने स्वतः कॉल लावला तर संमती गृहीत धरतात, पण कर्मचाऱ्याने लावून दिला तर स्पष्ट संमती घ्यावी लागते आणि तिची नोंद ठेवावी लागते. व्हिडिओवर रुग्णाने तोंडी "हो, चालेल" म्हटले तरी चालते. उपकेंद्राच्या भिंतीवर हे पाच ओळींत लावा. अर्धी भीती तिथेच जाईल.

नेटवर्कचे बोलताना सगळे स्पीड टेस्टचा मोठा आकडा दाखवतात. तो डाउनलोडचा असतो. रुग्णाचे चित्र डॉक्टरकडे जाते ते अपलोडवर, आणि उपकेंद्रात खरी मारामार तिथे आहे. अपलोड अर्ध्या एमबीपीएसखाली गेला की चित्र अडकते. आवाजाला मात्र त्याच्या पाचव्या हिश्शाइतकीही गरज नसते. तेव्हा चित्र अडकायला लागल्यावर कॉल तोडून पुन्हा लावण्यापेक्षा कॅमेरा बंद करून आवाज वाचवावा, फोटो वेगळे चढवावेत, आणि पाहण्याची गरज असेल तेवढ्यापुरता कॅमेरा उघडावा. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीच्या डोंगरपट्ट्यात हेही जमत नाही असे दिवस असतात. तिथे माहिती, मापने व फोटो आधी पाठवायचे आणि डॉक्टरने ठरलेल्या वेळी उत्तर द्यायचे, ही पद्धत २०२० च्या तत्त्वांत बसते. आपल्या आढाव्यात मात्र ती सल्ला म्हणून मोजत नाहीत. मोजा.

बऱ्याच ठिकाणी भारतनेटची, म्हणजे सरकारच्या ग्रामीण इंटरनेट योजनेची, फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलेली आहे आणि उपकेंद्र दोनशे-तीनशे मीटरवर कोरडे आहे. ती शेवटची तार कोणी ओढायची, यावर कागद फिरतात. उपकेंद्राच्या जनआरोग्य समितीच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून तार आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घ्यायला एक स्पष्ट आदेश पुरेल.

विजेचा हिशेबही सांगतो, कारण इन्व्हर्टर दिला म्हणजे झाले असे समजले जाते. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास. ती अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती येतात सुमारे ९००, आणि घट वजा जाता ८०० धरा. लॅपटॉप, राउटर आणि एक एलईडी मिळून ८० ते ८५ वॉट. म्हणजे नऊ-दहा तास काम चालते. त्याच लाइनीवर जुने दोन पंखे टाकले की आणखी दीडशे वॉट लागतात आणि बॅटरी साडेतीन तासांत बसते. वैशाखात पंखा बंद ठेवा असे रुग्णाला सांगता येत नाही, म्हणून कॉलच्या खोलीसाठी वेगळी लाइन आणि कमी विजेचा एक पंखा हवा. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू नका. छापताना तो काही शे वॉट एकदम खेचतो आणि इन्व्हर्टर बोंबलून बंद पडतो. शाईच्या टाकीचा साधा प्रिंटर पंधरा-वीस वॉटवर भागवतो. हेडफोन माइकसह हवा. लॅपटॉपचा स्पीकर लावला की पंख्याचा आवाज, घुमणारा प्रतिध्वनी आणि बाहेर बसलेल्या वीस जणांना ऐकू जाणारा स्त्रीरोगाचा प्रश्न. बाया बोलत नाहीत त्या याच कारणाने.

ओटीपीचे दुखणे खान्देशात जरा अधिक आहे. घरातला मोबाइल मुलाच्या नावावर, मुलगा सुरतेला, आणि ओटीपी तिकडे. तो कामावर असतो, फोन उचलत नाही. किंवा रिचार्ज संपलेला. रुग्ण समोर बसलेला असताना नोंदणी अडते आणि सिस्टर शेवटी स्वतःचा नंबर टाकते. मग एकाच नंबरावर अनेक रुग्ण आणि मागची नोंद सापडत नाही. आभा क्रमांक (रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) असला तर उत्तम, पण तो नाही म्हणून सल्ला अडू नये, हे लेखी द्या. कुटुंबाच्या नोंदवहीतल्या क्रमांकावरून रुग्ण शोधता येईल अशी सोय मागा. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला जाणाऱ्यांची फेरतपासणी निघण्याआधीच्या आठवड्यात लावून, दोन महिन्यांच्या गोळ्या आणि मूळ नावाने छापलेला कागद हातात द्यावा. तो कागद बारडोलीच्या सरकारी दवाखान्यातही वाचता येतो. फोनमधली पीडीएफ फोनबरोबर हरवते.

कॉलच्या वेळा कार्यालयाच्या सोयीच्या आहेत. केळी कापणीचा, निंदणीचा मजूर सकाळी सातलाच शेतात असतो. संध्याकाळी पाच ते सात अशी आठवड्यातून दोन दिवस वेळ आणि आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारभर वेळ दिली तर रुग्ण येतील. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात पावरा आदिवासींच्या पाड्यांतून फेरतपासणीचे आकडे येणार नाहीत. तेव्हा खुलासा मागू नये. पाड्यावरच्या रुग्णासोबत त्याची भाषा बोलणारी आशाताई कॉलला बसते, तिचा वेळही मोबदल्यात धरा.

आता कॉल कधी लावू नये, हे. साप चावला, छातीत दुखून घाम सुटला, तोंड वाकडे झाले, झटके येत आहेत, गरोदर बाईला रक्तस्राव आहे किंवा तिचा रक्तदाब १६०/११० किंवा त्याहून जास्त आहे, बाळ दूध ओढत नाही, मुलाची छाती आत ओढली जाते आहे, ऑक्सिजन ९० च्या खाली आहे: आधी १०८. गाडी निघाल्यावर, उरलेल्या वेळात, हबला फोन. "आज कॉल कमी आहेत, हाही लावून घ्या" असा विचार अशा रुग्णाबाबत कोणाच्या मनातही येऊ नये. आकड्याच्या दबावाखाली तो येऊ शकतो, म्हणून स्पष्ट लिहिले.

कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर, विषबाधेत मात्र हब खरोखर कामी येऊ शकतो. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, तोंडातून लाळ, अंगाला घाम, असा रुग्ण आला की १०८ बोलवावी, कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे, हातमोजे घालून. उलटी करवू नये. आणि गाडी येईपर्यंत औषधाच्या बाटलीच्या लेबलचा फोटो पाठवावा: घटकाचे नाव आणि त्रिकोणाचा रंग दिसेल असा. लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी. पुढच्या दवाखान्यात रुग्ण पोचण्याआधी अॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाची तयारी होते. नातेवाइकांना सांगून बाटली सोबतही पाठवावी. बहुतेक वेळा ती बांधावरच राहते.

ऑनलाइनचा सगळ्यात चोख उपयोग आम्हाला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात दिसतो, आणि नेमके तिथेच नियोजन पातळ आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले. नंदुरबार जिल्ह्यात आणि चोपडा-यावल-रावेर, शिरपूर-साक्रीच्या आदिवासी पट्ट्यात तपासणी होते, कार्डे वाटली जातात. पण हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचे औषध सुरू झालेल्या मुलाला फक्त गोळी देऊन भागत नाही. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि मात्रा बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्ताची पूर्ण तपासणी लागते. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार उतरल्या तर गोळी थांबवावी लागते. मात्रा वजनावर ठरते आणि वाढत्या मुलाचे वजन बदलते. चांदसैली घाटात दरड आली की धडगावहून खाली उतरणेच बंद. अशा वेळी नमुना ठरलेल्या वारी गाडीने खाली जावा, अहवाल पोर्टलवर चढावा, आणि दोन दिवसांनी ठरलेल्या वेळी बालरोगतज्ज्ञाने कॉलवर वजन, अहवाल, दुखण्याचे दिवस पाहून मात्रा सांगावी. आई-मुलाची खाली-वर फेरी वाचते. यात लागते ते एवढेच: नमुन्याची गाडी, अहवालाची मुदत आणि तज्ज्ञाची पक्की वेळ. तिन्हींपैकी एक हुकले की कॉल पोकळ होतो. ताप ३८.५ अंशांच्या वर, छातीत दुखणे, धाप, अचानक फिकटपणा किंवा डावीकडे बरगडीखाली गाठ वाढलेली असेल, तर पुन्हा १०८.

हबवरच्या डॉक्टरांबद्दल दोन शब्द. त्यांच्याकडे ओपीडी, शवविच्छेदन, पोलीस केस, शिबिरे आहेत आणि मधल्या फटीत ऑनलाइनची रांग. एका हाताने समोरचा रुग्ण पाहत दुसऱ्या हाताने कॉल घेणारा डॉक्टर दोघांनाही न्याय देत नाही. वेगळी खोली, हेडफोन, ड्यूटी यादीत स्पष्ट लिहिलेले तास आणि ताशी सात-आठांपेक्षा जास्त कॉल नाहीत, असे असले तर ते बसतात. आणखी एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही: आपल्या सल्ल्याचे पुढे काय झाले, हे त्या डॉक्टरला कधीच कळत नाही. जखम भरली का, साखर उतरली का, पाठवलेला रुग्ण पोचला का. फळ न दिसणाऱ्या कामात कोणाचेच मन रमत नाही. पंधरा दिवसांनी त्याच्या रुग्णांची एका ओळीची खबर त्याच्या स्क्रीनवर आली, तर उत्साहाची भाषणे द्यावी लागणार नाहीत.

याउलट टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनकडे पाहा. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा एक क्रमांक आहे. साधा फोन, लॉगिन नाही, कॅमेरा नाही, दिवस-रात्र. आशाताई कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याच्या हातात फोन लावून देऊ शकते, तिला वेगळे प्रशिक्षण लागत नाही. सोय किती साधी असावी, याचा हा नमुना आपल्याच विभागात आहे.

प्रशिक्षण जिल्ह्याच्या सभागृहात स्लाइड दाखवून होत नाही. ते उपकेंद्राच्या स्वतःच्या नेटवर, स्वतःच्या यंत्रावर, सरावाच्या लॉगिनने अर्धा दिवस व्हावे आणि पंधरवड्याने कोणी तरी पुन्हा येऊन अडलेले पाहावे. कॅमेऱ्यासमोर तपासणी कशी करून दाखवायची, म्हणजे नडगीवर अंगठा दाबून सूज कशी दाखवायची, पोट चार भागांत कसे दाबायचे आणि दाबताना रुग्णाचा चेहरा कॅमेऱ्यात कसा ठेवायचा, हे आज कोणीच शिकवत नाही. पोर्टलची बटणे माणूस आपली आपण शिकतो.

शेवटी लक्ष्याचा मुद्दा. सीएचओंच्या कामगिरी मोबदल्यात, जो महिन्याला १५ हजारांपर्यंत जातो, ऑनलाइन सल्ल्यांची संख्या धरली जाते. रोजचा आकडा ठरला की सर्दी-खोकल्याचे कॉल लागतात, जे सीएचओ स्वतः पाहू शकतो. सहकाऱ्याचे, घरच्यांचे नाव टाकून कॉल लागण्याचीही वाट मोकळी होते. रांग फुगते, आणि पायाच्या जखमेचा मधुमेही रांगेत थांबून कंटाळून उठून जातो. हा दोष आकडा भरणाऱ्याइतकाच मागणाऱ्याचा आहे. त्याऐवजी चार गोष्टी मोजा: लिहिलेली सगळी औषधे त्याच दिवशी मिळाली का, रुग्ण ठरलेल्या महिन्यात परत आला का, पाठवलेला रुग्ण पोचला का, तुटलेला कॉल कशाने तुटला. चौथ्या प्रश्नाच्या उत्तराबद्दल कोणाला नोटीस जाणार नाही, हेही जाहीर करा. नाहीतर सगळे कॉल कागदावर अखंडच राहतील.

यातल्या काही गोष्टींना पैसा आणि वरून मंजुरी लागेल, हे आम्ही जाणतो. काही उद्यापासून होतील. हबच्या स्क्रीनवर शिल्लक यायला पोर्टलमध्ये बदल हवा, आणि तो जिल्ह्याच्या हातात नाही. तोवर प्रत्येक सोमवारी सकाळी उपकेंद्राने चालू औषधांची एक पानी यादी, मात्रा आणि शिल्लक लिहून हबला पाठवावी, आणि हबने ती टेबलावर समोर चिकटवावी. रक्तदाब, मधुमेह, दमा, मिरगी आणि सिकलसेल एवढ्याच आजारांची यादी सुरुवातीला पुरे. प्रत्येक तालुक्यात दोन उपकेंद्रे, एक फायबरजवळचे आणि एक डोंगरातले, निवडून तीन महिने संख्येचे लक्ष्य उठवा आणि वरच्या चार गोष्टी मोजा. ती उपकेंद्रे कोणती असावीत, हे तालुका बैठकीत आम्ही सुचवू. मापनाचा तक्ताही तयार करून देऊ.

आपले,
खान्देशातील काही समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक व वैद्यकीय अधिकारी